वाडीच्या मुलींना चालायची सवय आहे, असे म्हणण्याआधी

घाटमाथ्याजवळच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलेले पत्र थोडक्यात असे आहे.

‘माझी मुलगी आठवीत आहे. आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवरच्या माध्यमिक शाळेत ती मानव विकास कार्यक्रमाच्या, खास मुलींसाठीच्या निळ्या एसटीने जाते. बस आधी दुसऱ्या एका गावच्या मुलींना शाळेत सोडते, मग साडेनऊला आमच्या गावठाणात मारुतीच्या पारापाशी येते आणि तिथूनच परत फिरते. गावठाणातल्या चोवीस मुली पाच मिनिटांत पारावर पोहोचतात. ठाकरवाडीच्या अकरा मुली मात्र पायवाटेने अडीच किलोमीटर चालत येतात, वाटेत ओढा लागतो. ओढ्याला पाणी आले की त्यांना रस्त्याने साडेतीन किलोमीटर फिरून यावे लागते. त्यातला पाटाच्या पुलापर्यंतचा अडीच किलोमीटर डांबरी आहे, पुढचा एक किलोमीटर मातीचा. बस निदान पुलापर्यंत न्यावी, असे मी ग्रामसभेत सुचवले. त्यावर माझेच दीर म्हणाले, “आपल्या मुलींनी त्यांच्यासाठी लवकर का निघायचे? आणि बस तिकडून भरून आली तर आपल्या मुलींनी उभ्याने जायचे का?” कोणीतरी मोबाईल काढून दाखवला की अंतर १.८ किलोमीटरच आहे. एक जण म्हणाले, “त्यांना चालायची सवय आहे.” उद्या मळ्यातलेही बस मागतील, असाही मुद्दा निघाला. मी पालक-शिक्षक संघात आहे, पण मला पुढे बोलता आले नाही, कारण उभे राहावे लागेल ते माझ्या मुलीलाही. यात न्याय्य काय आहे? आणि भावकीत वितुष्ट न आणता ते कसे मांडावे?’

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘सवय आहे’ या दोन शब्दांशी थांबलो. आधी त्यांच्याविषयीच लिहितो.

मी एका ग्रामीण शाळेत बरीच वर्षे शिकवले आहे. पावसाळ्यात परिपाठ सुरू झाल्यावर दोन-तीन मुली फाटकाशी येऊन थांबत. चपला हातात, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, दप्तर प्लॅस्टिकच्या खताच्या पिशवीत गुंडाळलेले. उशिरा येणाऱ्यांनी बाहेर उभे राहायचे, हा शाळेचा नियम होता आणि तो मीही पाळला. त्या घरातून किती वाजता निघाल्या, हे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर वर्गातल्या सगळ्यांत आधी उठलेल्या मुली त्याच होत्या, हे मला कळले असते. नववीच्या वर्षात त्यांच्यापैकी एकीचे नाव हजेरीपटावरून कमी झाले. तिलाही चालायची सवय होतीच. ही सवय कोणी हौसेने लावून घेत नाही. दुसरा मार्ग नसला की ती लागते, आणि लागली की तिचाच आधार घेऊन बाकीचे लोक दुसरा मार्ग काढायचे टाळतात. म्हणून सभेत हे वाक्य पुन्हा निघाले, तर ते तसेच जाऊ देऊ नका. बोलणारे गृहस्थ मनाने वाईट असतील असे नाही, पण त्यांच्या त्या एका वाक्याने अकरा मुलींची गैरसोय ही गैरसोय म्हणून मोजलीच जात नाही.

आता मोजण्याविषयी. मोबाईलवरचे १.८ किलोमीटर म्हणजे नकाशावर दोन ठिपक्यांमध्ये ओढलेली सरळ रेघ असणार. त्या रेघेला ओढा लागत नाही, चढ लागत नाही, पाठीवर दप्तर नसते. मुलगी चालते ती वाट मोजायची असते, आणि तीही किलोमीटरमध्ये मोजण्याआधी मिनिटांमध्ये मोजावी असे माझे मत आहे. एखाद्या शाळेच्या दिवशी तुम्ही स्वतः वाडीत जा, मुलींबरोबर त्यांच्या चालीने पारापर्यंत या आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर परत चालत जा. निघाल्याची वेळ, ओढ्याशी पोहोचल्याची वेळ, पारावर पोहोचल्याची वेळ वहीत लिहा. ओढा भरलेला असेल त्या दिवशी रस्त्याने हेच पुन्हा करा. दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलीला साडेतीन किलोमीटरला तासभर सहज लागतो. बसमधली अर्ध्या-पाऊण तासाची वेळ त्यात मिळवली, म्हणजे ती मुलगी शाळेत बसण्याआधीच दीड ते पावणेदोन तास वाटेत घालवते, हे तुमच्या वहीत दिसेल.

संध्याकाळची नोंद तर अवश्य करा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या कुशीत त्याच्याही आधी अंधारून येते. शाळा पाचला सुटून बस पावणेसहाला पारावर आली, तर गावठाणातली मुलगी दिवस असताना घरी पोहोचते आणि वाडीतली मुलगी अंधारात ओढ्यात उतरते. मुलगी मोठी झाली की घरचे लोक ‘पुरे झाले शिक्षण’ म्हणतात, ते बऱ्याचदा शिक्षणाला कंटाळून म्हणत नाहीत, या अर्ध्या तासाच्या अंधाराला भिऊन म्हणतात. त्यांची भीती चुकीची आहे असे मला म्हणता येत नाही.

नियम काय सांगतो, हेही तुम्हाला माहीत असावे, कारण सभेत कोणी ना कोणी ‘कायद्यात तीन किलोमीटर चालते’ असे म्हणणारच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, आणि जिथे अशी शाळा नाही तिथल्या मुलांसाठी मोफत वाहतुकीची किंवा निवासाची सोय करावी, असे आहे. हे अंतर शाळा कुठे असावी याचे आहे. बसथांबा कुठे असावा किंवा बस गाठण्यासाठी मुलाने किती चालावे, याची परवानगी म्हणून ते वाचता येत नाही. तुमच्या गावच्या मुलींची शाळा मुळात नऊ किलोमीटरवर आहे. अंतराची अट तिथेच ओलांडली गेली आहे, म्हणून तर बस आहे. शिवाय हा कायदा सहा ते चौदा वयापर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. नववी-दहावीच्या मुलींना त्याचा थेट आधार नाही आणि शाळा सुटण्याचा धोका नेमका तिथे वाढतो. ती उणीव काही अंशी भरून काढणाऱ्या या योजनेत, मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या २२ जिल्ह्यांमधल्या १२५ तालुक्यांना मुलींसाठी या निळ्या बस मिळाल्या. मुलगी बारावीपर्यंत शाळेत टिकावी, हा त्या बसचा हेतू आहे. ती पारापाशी परत फिरते तेव्हा तो हेतू अडीच किलोमीटर अलीकडे संपतो.

पारावरचा थांबा कोणी दुष्टपणे ठरवला, असे मला वाटत नाही. बहुधा तो ठरला तेव्हा वाडीची एकही मुलगी पाचवीच्या पुढे शिकत नसेल आणि पुलापर्यंत डांबरही नसेल. आज अकरा जणी जातात. अशी गोष्ट ज्या गावात घडली, त्या गावाला तिचा अभिमान वाटायला हवा, आणि थांबा जुन्या हजेरीपटावर न ठेवता आजच्या हजेरीपटावर ठरवायला हवा.

तुमच्या दिरांच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे का, हे प्रामाणिकपणे पाहू. बस पारावर येऊन, पुढे पुलापर्यंत जाऊन, परत पारावर येणार. पुलापर्यंतचे जाऊन-येऊन पाच किलोमीटर आणि बस वळवणे मिळून साधारण पंधरा मिनिटे धरू. पारावर परत येताना ती साडेनऊलाच यायची असेल, तर गावठाणातल्या मुलींना एक मिनिटही लवकर निघावे लागणार नाही. संध्याकाळी त्या पारावर आधी उतरतील आणि बस पुढे जाईल. मग पंधरा मिनिटे येतात कोणाच्या वाट्याला? तुमच्या पत्रात ज्यांचा उल्लेख फक्त एका वाक्यात आला आहे, त्या पहिल्या गावच्या मुलींच्या वाट्याला. बस त्यांना शाळेत सोडून मगच तुमच्याकडे येते. आगारातून ती पंधरा मिनिटे आधी निघाली, तर त्या गावच्या मुलींना पंधरा मिनिटे आधी उठावे लागेल, आणि त्या तुमच्या ग्रामसभेत बोलायला येणार नाहीत. ताई, गावठाण आणि वाडी यांच्यात न्याय करताना ओझे तिसऱ्याच गावावर ढकलले गेले, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही. म्हणून अर्ज लिहिण्याआधी त्या गावच्या दोन-चार आयांना भेटा. कदाचित त्या सहज हो म्हणतील. कदाचित असेही निघेल की त्यांच्या मुली शाळेचे फाटक उघडण्याआधीच पोहोचून व्हरांड्यात बसून राहतात आणि त्यांचा प्रश्न वेगळाच आहे. मुख्याध्यापकांनी शाळेची वेळ दहा-पंधरा मिनिटे पुढे घेतली, तर कोणालाच लवकर उठावे लागणार नाही, हाही मार्ग विचारून पाहण्यासारखा आहे.

जागांचा प्रश्न राहतो. वाडीच्या अकरा मुली आधी बसल्या आणि जागा कमी पडल्या, तर गावठाणातल्या काहींना पाऊण तासापर्यंत उभे राहावे लागेल, हे खरे आहे आणि ते लपवू नका. पण आज उभे कोण राहते, तेही विचारा. चालून दमलेल्या मुली पारावर शेवटी पोहोचत असतील, तर आजही त्याच उभ्या असतील. जागांसाठी मुलींनाच एक पद्धत ठरवू द्या: पाचवी ते सातवीच्या मुली बसतील आणि मोठ्या मुली आठवड्याआड आलटून-पालटून बसतील, अशी काहीशी. मुली हे आपल्यापेक्षा लवकर आणि कमी कटकटीने ठरवतात, असा माझा अनुभव आहे.

सभेत आकडेमोड होईल, तिच्याविषयी सावध करतो. ओढा भरलेल्या दिवशी अकरा मुलींची प्रत्येकी चाळीस मिनिटे वाचतात आणि चोवीस मुलींना काहीच लागत नाही, असे गणित तुमच्या बाजूने सहज मांडता येते. ते मांडा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका. समजा वाडीत अकराऐवजी तीनच मुली असत्या आणि गावठाणातल्या चोवीस जणींना खरोखर दहा मिनिटे लवकर निघावे लागले असते, तर बेरीज उलटी आली असती. तरीही मी बस पुढे न्यावी असेच म्हटले असते. चोवीस घरांमध्ये विभागलेली दहा मिनिटे ही थोडी घाई असते. तीन मुलींच्या वाट्याला एकवटलेला तास, ओढा आणि अंधार यांनी शाळा सुटते. सगळ्यांना सारखे देणे म्हणजे न्याय, असे आपण शाळेत खाऊ वाटताना शिकलो. पण वाट मुळातच सारखी नसेल, तर ज्या मुलीची वाट सर्वांत अवघड आहे तिच्यापासून मोजायला सुरुवात करावी लागते. आणखी एक फरक लक्षात घ्या. गावठाणात एखाद्या दिवशी बस चुकली तर कोणाची तरी मोटारसायकल असते. वाडीतले आईवडील उजाडताच मजुरीला गेलेले असतात आणि बस चुकली की तो दिवस बुडतो.

‘मग मळ्यातलेही मागतील’ या मुद्द्याला उत्तर द्यायला हवे, कारण तो मुद्दा वाजवी आहे. मागू द्यावे आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजावे. ग्रामसभेने ठरावातच लिहावे की थांब्यापर्यंतची प्रत्यक्ष चालण्याची वाट एक किलोमीटरहून अधिक नसावी, वाटेत पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागू नये आणि थंडीच्या दिवसांतही मुलीला उजेड असताना घरी पोहोचता यावे. मळ्यातले घर पारापासून सहाशे मीटरवर असेल तर ते या मापात बसते आणि त्या मुलीने चालावे. एखादे घर बसत नसेल, तर त्यांचीही मागणी रास्त आहे. या मापाने वाडीलाही दारात बस मिळत नाही, हे लक्षात घ्या. त्यांच्या मुली पुलापर्यंत एक किलोमीटर चालतीलच. कोणाचे लाड होत आहेत असे म्हणायला त्यात जागा उरत नाही.

प्रत्यक्ष कामाचे सांगतो. आगार व्यवस्थापकांकडे जाताना तीन कागद हवेत: ग्रामसभेचा ठराव, मुख्याध्यापकांचे पत्र आणि त्या पत्राला जोडलेली वस्तीनिहाय, इयत्तानिहाय विद्यार्थिनींची संख्या. तुमच्या वहीतल्या वेळांची प्रतही द्या. तोंडी मागणीवर आगार मार्ग बदलत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. चालक-वाहकांची पाळी, डिझेल, फेरीचे किलोमीटर हे सगळे त्यांना वर दाखवावे लागते. त्यांचा पहिला प्रश्न बस वळेल का, हा असेल. पुलापाशी पूर्ण लांबीची एसटी वळवता येईल एवढी मोकळी, पक्की जागा आहे का, हे आधीच पाहून ठेवा. नसेल तर शेजारच्या शेतकऱ्याशी बोलून खळ्याची जागा मुरूम टाकून देता येईल का, ते ग्रामपंचायतीने पाहावे. रस्त्यावर वाकलेल्या बाभळीच्या फांद्या टपाला घासतात आणि चालक त्याच कारणाने फेरी नाकारतात, म्हणून त्या आधी छाटून घ्या. अर्जाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक जिल्हा नियोजन कार्यालयाला द्या, आणि पोहोच घ्यायला विसरू नका.

मुख्याध्यापकांशी बोलताना परिवहन समितीचा विषय काढा. राज्याच्या २०११ च्या स्कूल बसविषयक नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती असायला हवी, आणि थांबे ठरवणे हे तिच्या कामांपैकीच एक आहे. तुमची बस एसटीची असल्यामुळे अंतिम निर्णय आगाराचा राहील, तरी समितीची शिफारस कागदावर असली की अर्जाला वजन येते. वाडीच्या मुलांचेही त्याच बैठकीत विचारा. निळी बस मुलींसाठी आहे आणि ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. मुलग्यांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत मिळते, पण त्यांच्या वेळेला साधी बस पारापर्यंत तरी येते का, हे पाहावे लागेल.

आगाराने नकार दिला, तर दुसरा मार्ग समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेतल्या वाहतूक भत्त्याचा आहे. ठरलेल्या अंतरात शाळा नसलेल्या वस्तीतल्या मुलांसाठी त्यात वर्षाला प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंतची तरतूद असते आणि २०२१ पासून माध्यमिक स्तराचाही तिच्यात समावेश झाला आहे. अकरा मुलींचे ६६,००० रुपयांपर्यंत होतात. तेवढ्यात वर्षभर जीप लावता येईल असे नाही, पण वाडी ते पार एवढ्या फेरीला हातभार लागू शकतो. त्यासाठी वाडीचे नाव पुढच्या वार्षिक आराखड्यात जायला हवे.

या सगळ्याला वेळ लागेल आणि मधे निराशाही येईल. जानेवारी २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून चालत शाळेला जातात, हे वर्तमानपत्रांतून पुढे आले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. तुमच्या वाडीची वाट तेवढी थरारक नाही, म्हणून तिची बातमी होणार नाही. अशा वाटांची दखल त्या गावच्याच माणसांना घ्यावी लागते.

आता भावकीचे. सभेत उभ्या राहाल तेव्हा पहिले वाक्य स्वतःविषयी बोला: पाराच्या थांब्याचा फायदा माझ्या मुलीलाही होतो आणि बस पुढे गेली तर उभे राहण्याची वेळ तिच्यावरही येईल. हे तुम्हीच सांगितलेत, की दुसऱ्या कोणाला ते तुमच्या तोंडावर फेकता येणार नाही. मुलीलाही घरी आधी सांगा. आठवीतल्या मुलीला हे समजते आणि तिच्या वर्गात वाडीची कोणी ना कोणी मैत्रीण असेलच. दिरांशी मात्र सभेत वाद घालू नका. चारचौघांत घेतलेली बाजू माणूस चारचौघांत सोडत नाही. त्याआधी घरीच म्हणा, ‘भाऊजी, उद्या संध्याकाळी बस आली की माझ्याबरोबर वाडीपर्यंत चला.’ एवढेच म्हणा, वाटेत काही समजावू नका. ओढ्याशी चपला काढायची वेळ त्यांच्यावरही येईल. ते आलेच नाहीत तर जावेला घेऊन जा.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती सभा या वेळी कागदावर न ठेवता खरोखर भरवायला लावा, आणि वाडीतल्या बायांना कामावरून परतल्यावर येता येईल अशी वेळ ठेवा. तुम्ही त्यांच्या वतीने बोलण्यापेक्षा त्यांच्यापैकी एकीने ‘माझी पोरगी घरून किती वाजता निघते’ एवढे सांगितले, तरी त्याचे वजन अधिक पडेल. आजवरच्या चर्चेत वाडीतले कोणी बोलल्याचे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही, आणि मला त्याची सर्वांत जास्त काळजी वाटते.

दिवाळीच्या सुट्टीआधी ठराव झाला, तर दुसऱ्या सत्राच्या फेऱ्या ठरताना तो आगाराच्या हातात असेल. तोपर्यंतची सोय गावाला स्वतःला करता येण्यासारखी आहे. संध्याकाळी बस यायच्या वेळी वाडीतले एक आणि गावठाणातले एक अशी दोन मोठी माणसे पाळीपाळीने पारावर थांबावीत आणि मुलींना ओढ्यापलीकडे पोहोचवून यावे. सोबत चांगल्या दोन बॅटऱ्या असाव्यात. पहिल्या आठवड्याची पाळी तुमच्या घराने घ्यावी, असे मी सुचवतो.